फ्लेक्स, क्लोरीन आणि मडावी साहेब

सकाळी प्रयोगशाळेच्या दारात आले की मडावी साहेब कधी 'गुड मॉर्निंग' म्हणाले नाहीत, की आल्याआल्या रिपोर्टही मागितले नाहीत. हेल्मेट काखेत धरून, चौकटीला खांदा टेकवून ते पहिला प्रश्न विचारायचे, "जेवली का?" नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, माझीच विचारपूस चालली आहे. एवढा मोठा अधिकारी नव्या केमिस्ट पोरीला जेवणाचं विचारतो म्हणून मी भारावले आणि "हो सर, मेसमध्ये पोहे खाल्ले," असं सांगून मोकळी झाले. ते खो खो हसले. "तुमी त जेवणारच ना जी. मी तिचं विचारून राह्यलो." आणि त्यांनी खिडकीकडे अंगठा केला.

खिडकीबाहेर ती होती. गडचांदूरकडच्या आमच्या सिमेंट कारखान्यातली आडवी, लांबलचक, स्वतःभोवती हळूहळू फिरणारी भट्टी. तिला सगळे किल्न म्हणत. एका टोकाने चुनखडीचं भाजत आणलेलं पीठ आत जातं, दुसऱ्या टोकाला जाळ असतो, आणि त्या जाळातून भाजून निघालेले काळे खडे दळले की सिमेंट होतं. जाळ कोळशाचा. पण मडावी साहेबांचं काम होतं, त्या कोळशाचा घास कमी करून तिला दुसरं काहीतरी खायला घालायचं. धानाचा कोंडा, कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी, सोयाबीनचं कुटार, आणि आजूबाजूच्या शहरांतून येणारं, कुठल्याच भंगारवाल्याने न घेतलेलं प्लास्टिक. त्यांच्या दारावर 'पर्यायी इंधन विभाग' अशी पाटी होती. कारखान्यात मात्र सगळे त्याला कचरा खातं म्हणायचे, आणि ते कानावर पडलं की साहेबांचा पारा चढायचा. "कचरा तुमच्या डोक्यात हाय. माझ्या शेडमदी जे हाय ते जेवण हाय," असं त्यांनी एकदा हिशेबखात्याच्या मोठ्या साहेबांना भर कँटीनमध्ये ऐकवलं होतं.

ते धानोऱ्याकडचे. जंगलाला लागून असलेल्या एका गोंड गावातून चंद्रपूरला शिकायला आले, इंजिनिअर झाले आणि सिमेंटमध्येच मुरले. ठेंगणे, दणकट, केस पांढरे पण मिशी काळीभोर. ती रंगवतात अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती आणि ते कधीच कबूल करत नव्हते. इंग्रजीत रिपोर्ट लिहायचे तर एक शब्द इकडचा तिकडे नसायचा. बोलायला लागले की मात्र गाव यायचं. आमच्या नागपुरातल्या हेड ऑफिसचे लोक व्हिडिओ मीटिंगमध्ये ज्वलनाची कार्यक्षमता वगैरे म्हणायचे आणि हे शांतपणे सांगायचे, "सर, जाळ उपाशी बी नको अन् अजीर्ण बी नको."

हे अजीर्णाचं प्रकरण त्यांनी वांढरेला ज्या तऱ्हेने शिकवलं ते मी विसरूच शकत नाही. वांढरे म्हणजे कंट्रोल रूमचा ऑपरेटर, हुशार पण घाईचा. पाळी संपत आली आणि त्या दिवशी ठरलेला कोंडा जाळायचा राहिला असला की गडी शेवटच्या तासात कोंडा वाहून नेणारा पट्टा जोरात सोडून सगळा आत ढकलून द्यायचा. मग जाळाला हवा पुरायची नाही, धूर व्हायचा आणि खडा कच्चा निघायचा. तो कच्चेपणा आमच्या प्रयोगशाळेत कळायचा, न शिजलेल्या चुन्याचं प्रमाण वाढलेलं दिसायचं. साहेबांनी वांढरेला रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी एक दिवस कँटीनमध्ये त्याला आपल्या शेजारी बसवलं, वाढप्याकडून भाताचं आख्खं पातेलं मागवलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात ओतलं. वर वरण. वरणावर भाजी. "खा. सकाळपासून खाल्लं नाई ना? आता एकदमच खा. लवकर, पाळी बदलून राह्यली." वांढरे लाजून चूर. सगळी कँटीन बघत होती. साहेब मात्र हसत नव्हते. "तुले जमून नाई राह्यलं ना? मंग तिले कसं जमन?" त्यानंतर वांढरेने पट्टा कधी पिटाळला नाही. पुढे तोच सगळ्यात चांगला ऑपरेटर झाला, आणि पोटाने सुटला तो वेगळाच.

त्यांच्या रागाला मीही अनेकदा तोंड दिलं. नमुना घाईत घेतला, कोंड्याचा ओलावा नीट मोजला नाही, की ते मला 'लांजेवार मॅडम' न म्हणता 'ओ बाई' म्हणायचे, आणि त्यात सगळं आलं. पण रागवून झालं की अर्ध्या तासात चहा यायचा. तो त्यांच्याच पैशाचा असायचा आणि त्यात साखर भरमसाट असायची, कारण साखर हे माफी मागण्याचं साधन आहे अशी त्यांची समजूत असावी. मला ते फार आवडायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "बरं, आता रिपोर्ट दाखवा."

त्यांचा खरा जीव शेडमध्ये होता. प्लास्टिकच्या गाड्या आल्या की जवळच्या गावांतल्या बायका तिथे बसून काच, लोखंड, दगड, चपला, पाण्याच्या पाइपांचे तुकडे वेगळे काढायच्या. उरलेलं यंत्रात चिरून किल्नला जायचं. हे पाइपांचे तुकडे वेगळे काढणं फार महत्त्वाचं होतं, कारण त्यांत क्लोरीन असतो. क्लोरीन किल्नमध्ये गेला की त्याची वाफ, जिथून पीठ आत उतरतं त्या मनोऱ्यात चढते, थंड होते आणि तिथल्या मोठ्या नरसाळ्यांना आतून चिकट थर धरतो. नरसाळं तुंबलं की कारखाना बंद. मग माणसं वर चढून लांब सळ्यांनी ते ठोकत बसतात, आणि आतला लालभडक माल अंगावर येईल की काय या भीतीने खाली उभ्या असलेल्यांचाही जीव टांगणीला लागतो. शेडची मुकादम होती ताराबाई. आवाज खणखणीत, तोंडात सदा तंबाखूचा खर्रा, आणि साहेबांना घाबरत नसलेली कारखान्यातली बहुधा एकमेव व्यक्ती. "साहेब, बाजूले सरा, पायाखाली काच हाय," असं ती त्यांना हाताने सरकवून म्हणायची आणि ते सरकायचे.

मग ती तांब्याची भानगड झाली. दिवाळीनंतर गेटवर कुणाच्या तरी डब्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं सापडलं. तो माणूस विजेच्या कामाच्या कंत्राटातला होता, शेडशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण कारखान्यात कुजबूज अशी सुरू झाली की चोरी म्हणजे कचरा खातंच, तिथूनच माल बाहेर जातो. साहेबांना ते फार लागलं. आपल्या खात्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही, या हट्टापायी त्यांनी स्वतःच आदेश काढला. शेडमधून कुठलीही वस्तू बाहेर जाणार नाही, आणि सुट्टी झाली की प्रत्येकीची पिशवी गेटवर उघडून पाहिली जाईल. ते आदेशावर सही करत होते तेव्हा मी समोर होते. "आता कोणाची हिंमत हाय बोलायची," म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं.

त्या हिवाळ्यात किल्नची तब्येत बिघडली. आमच्या यंत्रात रोज क्लोरीन चढताना दिसायचा. आधी वाटलं, कोळसा बदलला असेल. कोळसा तपासला, ठीक. चुनखडी तपासली, ठीक. गाड्यांतून येणाऱ्या प्लास्टिकचे नमुने मी स्वतः उकरून घेतले, तेही ठीक. आणि तरीही एका दुपारी मनोऱ्यातलं नरसाळं तुंबलं. किल्न थांबली. ती फिरायची थांबते तेव्हा कारखान्यात एक विचित्र शांतता पसरते आणि माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. वांढरे डोकं धरून बसला. साहेब वर मनोऱ्यावर गेले, सळ्या मारणाऱ्यांच्या मागे उभे राहिले, आणि सगळं मोकळं होईपर्यंत खाली आले नाहीत. साफसफाई झाली, किल्न फिरली, आणि काही दिवसांनी पुन्हा तुंबली.

दुसऱ्या वेळी कारखान्याच्या प्रमुखांचा संयम संपला. ते हिंदी मुलखातले, माणूस वाईट नाही, पण बंद पडलेल्या किल्नपुढे कुणाचंच चांगुलपण टिकत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बायका नीट निवडत नाहीत, पाइपांचे तुकडे आत जातात. शेड बंद करा, बाहेरच्या कंत्राटदाराला द्या, तो निवडायचं मशीन आणेल. निर्णयाची मीटिंग पुढच्या आठवड्यात ठरली. शेडमध्ये ही बातमी आमच्याआधी पोचली होती. त्यातल्या कितीतरी बायकांना त्या कामाखेरीज दुसरं बारमाही काम नव्हतं, हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं. शेडच्या दारात ते बराच वेळ उभे होते. आत गेले नाहीत.

त्याच रविवारी ताराबाईच्या नातीचं बारसं होतं. आमंत्रण आधीच दिलेलं, त्यामुळे जाणं भाग होतं. साहेब आणि मी गेलो. अंगणात मांडव, बायकांचा गलका, वडाभाताचा वास. आम्हाला मान देऊन गोठ्याच्या सावलीत सतरंजीवर बसवलं. मी वर पाहिलं आणि मला हसू आवरेना. गोठ्याचं सगळं छप्पर फ्लेक्सचं होतं. कुठल्याशा दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, शेजारी कुठल्याशा भाऊंचा हात जोडलेला फोटो, तोही उलटा. खाली म्हैस रवंथ करत होती. तणशीच्या ढिगावर आणखी एक नेते पसरलेले होते, शेळ्यांच्या आडोशाला आणखी एक. मी साहेबांना म्हटलं, "सर, एवढे पुढारी एका ठिकाणी मी विधानसभेतसुद्धा पाहिले नाहीत."

साहेब हसले नाहीत. हातातला घास तसाच धरून वर बघत राहिले.

"ताराबाई," त्यांनी हाक मारली, "हे कवा आणलं?"

"जुनं हाय साहेब. मागच्या पावसाळ्याच्या पयलेचं. गाडीत येत होतं ना, गुंडाळे करून आमी घरी नेत होतो. पाणी नाई गळत त्यातून."

"सगळ्याच नेत होत्या?"

"मंग! भांडणं होत होती त्याच्यासाठी. एक बी उरत नोहतं शेडमदी."

"अन् यंदा?"

"यंदा कुठी?" ताराबाईने त्यांच्या पानात आणखी एक वडा टाकला. "तुमीच त बंद केलं ना जी. बाहेर काईच न्यायचं नाई म्हणून. मंग बाकीच्या प्लास्टिकसंग टाकून देतो. प्लास्टिकच त हाय ते."

तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं. पण मी हातातला वडा खाली ठेवला. फ्लेक्स ज्या प्लास्टिकचा असतो त्यात पाइपांसारखाच क्लोरीन ठासून भरलेला असतो. वेगळ्या काढायच्या वस्तूंत आम्ही फ्लेक्स कधी सांगितलाच नव्हता, कारण तो आजवर किल्नपर्यंत पोचायचाच नाही. कोणालाही न कळता या बायकाच तो उचलून घरी नेत होत्या. गाडीत तो वरच गुंडाळलेला असायचा, म्हणून खालून उकरलेल्या माझ्या नमुन्यांतही कधी आला नाही. आणि त्या हिवाळ्यात निवडणुका. शहरांतून फ्लेक्स गाड्या भरभरून येत होते, चिरून किल्नमध्ये जात होते. साहेबांनी हातातला घास खाल्ला, पान स्वच्छ केलं, नातीच्या हातात आहेर ठेवला.

सोमवारी फ्लेक्सचा तुकडा त्यांनीच प्रयोगशाळेत आणला. यंत्राने जो आकडा दाखवला तो बघून मी दुसऱ्यांदा तपासला. मग मी दार लावून घेतलं आणि मला जे शहाणपणाचं वाटलं ते बोलले. "सर, आजपासून फ्लेक्स वेगळा काढू. क्लोरीन आपोआप उतरेल. मीटिंगमध्ये सांगू की सुधारणा केली. तुमच्या आदेशाचं कशाला काढायचं?" त्यांची प्रमुख अभियंता म्हणून बढती त्याच वर्षी व्हायची होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"सुधारणा केली म्हणजे बिघडलं कोणामुळं होतं, हे ते विचारतीन," ते म्हणाले. "बायकाईमुळं, असं धरून चालतीन. मशीन येईन. बायका घरी बसतीन. अन् गावात सांगतीन का त्यायले निवडता आलं नाई म्हणून काढलं. हे नाई चालत."

मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. आदेश निघाला तो दिवस आणि क्लोरीन चढायला लागला तो दिवस, दोन्हींवर बोट ठेवलं. प्रमुखांनी विचारलं, "मडावीजी, यह ऑर्डर किसने निकाला था?" साहेब उभे राहिले. "मैंने, सर. औरतों ने तो इतने साल किल्न को बचाया था, बिना जाने. मैंने रोक दिया." मी टेबलावरच्या माझ्या पेनाकडे बघत होते.

शेड वाचलं. फ्लेक्स वेगळे ठेवायला सुरुवात झाली, आठवड्याच्या शेवटी बायका पुन्हा ते रीतसर घरी नेऊ लागल्या, आणि क्लोरीन उतरत उतरत जागेवर आला. पिशव्यांची तपासणी मात्र चालूच राहिली. ती आता सुरक्षा खात्याच्या नियमांत गेली होती, आणि एकदा नियमांत गेलेली गोष्ट बाहेर काढायला कुणालाच सवड नसते. बढती दुसऱ्याला मिळाली. साहेबांची बदली झाली कंपनीच्या लांबच्या एका ग्राइंडिंग युनिटला, जिथे फक्त दळण असतं. किल्न नाही, जाळ नाही. म्हणजे या माणसाला त्याच्या संसारातूनच उठवलं. मला फार राग आला होता. मी तसं बोलूनही दाखवलं, निरोपाच्या दिवशी, प्रयोगशाळेत, नेहमीच्या भरमसाट साखरेच्या चहावर. म्हटलं, "एका क्लोरीनपायी एवढी शिक्षा?"

त्यांनी कप खाली ठेवला. "क्लोरीनचं काय घेऊन बसल्या, मॅडम. ते चुकत राह्यते माणसाचं." "आमच्या गावाबाहेर जंगलखात्याचा नाका होता. माय मोहफुलं वेचून येत होती. डोक्यावर टोपली, कंबरेले गाठोडं. नाक्यावरचा माणूस म्हणे, गाठोडं सोड. थे रोज सोडत होती. त्यात कायी नसे ना जी. कधी भाकरीचा तुकडा, कधी माझ्यासाठी रानातली चारं. रस्त्यावर सगळं पसरून दाखवत होती अन् मंग बांधत होती. मी बाजूले उभा राहून पाहत होतो." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "अन् सही करताना मले हे आठवलं बी नाई. नियम चांगला लिहिला, याचाच आनंद होता मले."

ते उठले, हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि पिशवी घेऊन निघाले. मी त्यांना सोडायला मागोमाग गेले. पाच वाजत आले होते. अधिकाऱ्यांचं गेट डावीकडे, तिथे गाडी उभी होती, ड्रायव्हरने दार उघडून ठेवलं होतं. साहेब उजवीकडे वळले. कामगारांच्या गेटवर शेडच्या बायकांची रांग लागली होती. शेंडे नावाचा सुरक्षारक्षक टेबलावर एकेक पिशवी उघडत होता. साहेब जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

आधी बायकांना गंमत वाटली. "साहेब, इकडं कुठी?" कुणीतरी हसलं. ताराबाई पुढून वळून म्हणाली, "या ना, पुढं या." "नाई बाई, नंबरानं," ते म्हणाले. तेव्हा हसणं थांबलं. रांग हळूहळू पुढे सरकत राहिली, आणि सुटलेल्या बायका घरी न जाता गेटपलीकडे थांबू लागल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा शेंडे उठून उभा राहिला. "साहेब, मले लाजवू नका. तुमी त्या गेटनं जा ना जी."

"नियम मीच लिहिला हाय. उघड."

शेंडेने पिशवी उघडली. रिकामा डबा, चष्म्याचं घर, अर्धा बिस्किटाचा पुडा, घडी घातलेला नॅपकिन. त्याने एकेक वस्तू टेबलावर काढली आणि परत भरली. साहेब हात मागे बांधून, मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी पिशवी उचलली, शेंडेच्या खांद्यावर हात ठेवला आणि पलीकडे थांबलेल्या बायकांकडे वळून, त्यांच्या गावच्या रीतीने, दोन्ही हात जोडून "जोहार" म्हणाले. ताराबाईने पदर तोंडाला लावला.

तो तपासणीचा नियम पुढे रद्द झाला. कारण दुसऱ्या दिवशी वांढरे त्या रांगेत उभा राहिला, मग पॅकिंगचे दोघेतिघे अधिकारी, आणि अधिकाऱ्यांचे डबे टेबलावर पसरायची वेळ आल्यावर सुरक्षा खात्याला सवड मिळाली. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी त्यांच्या मागे मीच उभी होते. शेंडेने प्रश्नार्थक चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी माझी पर्स टेबलावर ठेवली. तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कंगवा, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या. तरी एकेक वस्तू बाहेर निघत होती तसे माझे कान तापत गेले, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून मी नजर वर उचलली. पलीकडून सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतली एकही हसत नव्हती.